महापौरबाई ओरडल्या, पुढे काय झालं? (सान हुआन आणि आपलं बेळगाव)

मार्कंडेयकाठ (धागाकर्ता)

पावसाळा तोंडावर आला की इथे दरवर्षी तोच वाद पेटतो. नाला कुणाचा, पंप कुणाचा, नगरसेवक कुठे गायब. यंदा तो सुरू व्हायच्या आधी जरा लांबचा विषय टाकतो, रागावू नका.

सध्या मी कार्मेन युलीन क्रूझ या बाईंबद्दल वाचालोय. पोर्तो रिको हे अमेरिकेच्या ताब्यातलं बेट, सान हुआन ही त्याची राजधानी. तिथे या बाई २०१३ ते २०२१ अशा दोन मुदती महापौर होत्या. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया चक्रीवादळ बेटावर आदळलं, वारा ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात. त्याच्या दोनच आठवडे आधी इर्मा वादळ बेटाला चाटून गेलेलं. अख्ख्या बेटाची वीज गेली, ती शेवटच्या घरापर्यंत परत यायला जवळजवळ अकरा महिने लागले. डायलिसिसवाले, ऑक्सिजनवाले, वृद्धाश्रमातली म्हातारी माणसं, या सगळ्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

बाई गुडघाभर, कमरेइतक्या पाण्यात हातात भोंगा घेऊन हिंडत होत्या. मुक्काम शहरातल्या रोबेर्तो क्लेमेंते कोलिसियम या क्रीडागृहातल्या निवारा केंद्रात. तिकडे वॉशिंग्टनमध्ये एका मंत्रीणबाईंनी मदतकार्याला 'चांगली बातमी' म्हणून टाकलं. क्रूझबाई भडकल्या. २९ सप्टेंबरला पत्रकार परिषद घेऊन त्यांनी सांगितलं की आम्ही इथे मरतोय, कुणाला ऐकू येत असेल तर आम्हाला वाचवा. हे त्यांनी स्पॅनिशमध्ये न सांगता इंग्रजीत सांगितलं, कारण ऐकवायचं होतं ते मुख्य भूमीला. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष ट्रम्प यांनी ट्वीट करून त्यांच्या नेतृत्वावरच ताशेरे मारले आणि बेटावरच्या लोकांना सगळं आयतं हवंय असं लिहिलं.

आता खरी गोष्ट आकड्याची. ३ ऑक्टोबरला ट्रम्प बेटावर आले तेव्हा सरकारी आकडा होता १६ मृत. त्यांनी कतरिना वादळाशी तुलना करून इथे फारसं काही झालं नाही असा सूर लावला, कागदी टॉवेलचे रोल लोकांत भिरकावले ते याच भेटीत. त्याच संध्याकाळी आकडा ३४ झाला. मग बरेच महिने तो ६४ वर अडकून बसला. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचा अभ्यास ऑगस्ट २०१८ मध्ये आला आणि बेटाच्या सरकारला २,९७५ हा आकडा मान्य करावा लागला. ६४ कुठे आणि २,९७५ कुठे! आकडा खरा नाही असं क्रूझबाई पहिल्या महिन्यांपासून सांगत होत्या.

माझं म्हणणं एवढंच की आपत्तीत महापौराचं पहिलं काम मोजणी कमी होऊ न देणं हे आहे. पंप आणि पाकिटं त्यानंतर. आता आपल्याकडे बघा. ऑगस्ट २०१९ चा पूर आला तेव्हा बेळगावला महापौर होता का? नव्हता. सभागृहाची मुदत मार्चमध्येच संपलेली. निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये, म्हणजे जुलै २०२१ चा पूरही असाच गेला. आणि प्रत्यक्ष महापौर खुर्चीत बसल्या फेब्रुवारी २०२३ मध्ये. जवळजवळ चार वर्षं खुर्ची रिकामी, आणि त्यात दोन पूर. कुणाला आठवण तरी आली का?

---

खडेबाजार_कोपरा

लेख छान, खरं बाईंचा पुढचा हिशेब गाळलात. २०२० मध्ये त्या राज्यपालपदासाठी उभ्या राहिल्या आणि पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीतच तिसऱ्या आल्या. म्हणजे जगाने डोक्यावर घेतलं आणि घरच्यांनी खाली ठेवलं. 'आम्ही मरतोय' असा मजकूर छापलेला टी-शर्ट घालून टीव्हीवर बसायचं, याला मी राजकारण म्हणतो. वाईट म्हणत नाही, खरं राजकारणच.

---

बोस्टनकर_टिळकवाडी

मी इथे शिकायला आलो त्याला बरीच वर्षं झाली, शेजारपाजार बराचसा पोर्तो रिकोचा, त्यामुळे थोडी भर घालतो.

बाई एकदम वादळातून उगवलेल्या नाहीत. बॉस्टन विद्यापीठातून राज्यशास्त्र, मग कार्नेगी मेलनमधून प्रशासनाची पदव्युत्तर पदवी, बरीच वर्षं मुख्य भूमीवर नोकरी. परत येऊन सिला काल्देरोन यांच्याबरोबर काम केलं, त्याही आधी सान हुआनच्या महापौर आणि मग राज्यपाल. २००० मध्ये क्रूझ विधिमंडळाच्या निवडणुकीत पडल्या, २००८ मध्ये निवडून आल्या. २०१२ मध्ये त्यांच्या पक्षाच्या मूळ उमेदवाराला माघार घ्यावी लागली म्हणून त्या रिंगणात आल्या, आणि तीन मुदती गाजवलेल्या होर्हे सांतिनी यांना पाडलं. कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

आणि एक ध्यानात घ्या. पोर्तो रिकोची माणसं १९१७ पासून अमेरिकेची नागरिक, खरं बेटावर राहत असतील तर अध्यक्ष निवडायला मत नाही. काँग्रेसमध्ये एक प्रतिनिधी, त्यालाही अंतिम मतदानात हात वर करता येत नाही. म्हणजे मतपेटीतून दबाव आणायची सोयच नाही. मग कॅमेरा सोडून उरतं काय? त्या भोंग्याला नाटक म्हणणाऱ्यांनी हे आधी बघावं. त्यात वरती कर्ज ७० अब्ज डॉलरच्या पुढे, २०१६ पासून बेटाच्या तिजोरीवर वॉशिंग्टनने नेमलेलं मंडळ बसलेलं.

दुसरी बाजूही सांगतो. बाईंचं राज्यपाल रोसेयो यांच्याशी पटत नव्हतं, पक्ष वेगळे. समन्वयाच्या बैठकांना त्या येत नाहीत अशी केंद्राच्या माणसांची तक्रार होती. २०१८ मध्ये त्यांच्या महापालिकेच्या खरेदी विभागावर एफबीआयने छापा घातला. आरोपपत्र बाईंवर आलं नाही, तरी डाग तो डाग. आणि रोसेयोंचं काय झालं? जुलै २०१९ मध्ये त्यांच्या खाजगी टेलिग्राम गप्पांची ८८९ पानं फुटली. त्यात क्रूझबाईंना गोळी घालण्याबद्दलचा 'विनोद'ही होता. लोक रस्त्यावर उतरले आणि राज्यपालांना जावं लागलं.

---

निपाणीकर_काकी

आकड्याचं वाचलं आणि लिहायलाच बसले.

आमचं गाव वेदगंगेच्या काठावर. दरवर्षी जत्राट-भिवशी बंधारा पाण्याखाली गेला की आम्ही वरचं सामान वर ठेवायला घेतो, त्यात काही नवल नाही. २०१९ ला मात्र पाणी बंधाऱ्याची ओळख न ठेवता आलं. तिकडे यमगर्णीजवळ हायवेवर पाणी, निपाणी-कोल्हापूर बंद. जनावरांची दावी कापून सोडून दिली. रेशनकार्ड, आधार, पासबुक एका दुधाच्या पिशवीत घालून सासूबाईंनी पोटाशी बांधलं, ते गंजी केंद्रात (पूरग्रस्तांच्या सरकारी निवाऱ्यात) गेल्यावरही दोन रात्री सोडलं नाही.

पाणी उतरल्यावर पंचनामा. माणूस आला, उंबऱ्यापासून भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेपर्यंत टेप धरला, फोटो काढला, 'भिंत उभी आहे' असं लिहून गेला. आता ज्यांची मातीची घरं आहेत त्यांना विचारा. मातीची भिंत पाण्यात पडत नाही. पाणी उतरतं, वर ऊन पडतं, भिंत आतून भेगाळते आणि मग एका दुपारी बसते. आमची पाठीमागची भिंत अशीच बसली, न्हाणीघरासकट. तेव्हा यादी पुढे गेलेली. पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख जाहीर झालेले, आमचं नाव सगळ्यात खालच्या वर्गात. मग कचेरीच्या खेपा. तिथला एकजण म्हणाला, 'बाई, पूर गेला की, आता पडलं ते तुमच्या नशिबानं.'

त्या ६४ मध्ये न बसलेली माणसं म्हणजे आमची ती भिंत. वादळात नाही मेली, वादळानंतर मेली. ही बाई महापौर म्हणून चांगली की वाईट ते तुम्ही ठरवा, खरं 'नंतर पडलेलं पण मोजा' म्हणणारं कुणी आमच्याकडे असतं तर बरं झालं असतं.

---

मार्कंडेयकाठ

काकी, धाग्याचं काम झालं.

---

काळाकोट

भावना बाजूला ठेवून जरा कायदा बघू.

क्रूझबाई लोकांच्या थेट मतावर निवडून आलेल्या, मुदत चार वर्षं, पालिकेचा कारभार त्यांच्या हातात. आपल्याकडे १९७६ चा कर्नाटक महापालिका कायदा. महापौर नगरसेवकांतून, मुदत एक वर्ष, आरक्षण दरवेळी फिरतं. सही चालते ती आयुक्तांची. महापौराला नाल्याची फाइल कुठल्या कपाटात आहे ते कळेपर्यंत मुदत संपते.

आपत्तीचं तर त्याहून वेगळं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. लोकनियुक्त म्हणून सहअध्यक्ष जिल्हा पंचायतीचे अध्यक्ष. आपल्या जिल्हा पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक वर्षानुवर्षं लांबली, म्हणजे ती खुर्चीही रिकामी. २०२५ च्या दुरुस्तीत महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी वेगळं शहरी प्राधिकरण आणलं, वाटलं आता तरी महापौर येईल. अध्यक्ष आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. महापौराच्या हाती कायद्याने काही दिलेलंच नाही. तोंड आहे, तेवढंच.

---

खडेबाजार_कोपरा

मग माझंच म्हणणं आलं की. फक्त तोंड असलेला माणूस बोलणारच, त्याचं कौतुक किती?

---

जुना_सीमावासी

तोंड आहे म्हणे. बेळगावच्या महापौराने तोंड उघडलं की काय होतं ते या पोरांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

२००५ मध्ये महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. महापौर विजय मोरे बंगळुरात गेले तर तिथे त्यांच्या तोंडाला काळं फासलं, आणि वर आमची महापालिकाच बरखास्त केली. २०११ मध्ये महापौर, उपमहापौर १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत चालल्या, पुन्हा बरखास्ती. त्या क्रूझबाईंना फक्त ट्वीट खावं लागलं. इथे लोकांनी निवडलेलं अख्खं सभागृह घरी गेलं. एका वर्षाच्या महापौराने कशाच्या जोरावर बोलायचं?

---

शहापूर_शिवार

काका, तुमचा मान ठेवून बोलतो. मोरे यांच्याबद्दल आमच्याही घरात आदर आहे. खरं तो आवेश बळ्ळारी नाल्यावर कधी दिसला? शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, सगळं शिवार नाल्याच्या पाण्याने दरवर्षी भरतं. गाळ काढा म्हणून निवेदन, मग पाहणी, मग पाऊस. बासमतीचं बेळगाव म्हणून मिरवतो आपण, आणि रोप लावल्यावर आठवडा-आठवडा पाण्याखाली कुजतं. सीमेवर बोलला म्हणून महापालिका गेली हे मान्य. नाल्यावर बोलला म्हणून कुणी बरखास्त केलं नसतं की.

---

जुना_सीमावासी

नाल्यावर बोलले नाहीत हे कुणी सांगितलं तुला? बोललेलं छापून येत नव्हतं. छापून येत होतं ते काळं फासलेलं.

---

शहापूर_शिवार

ते पण खरंच म्हणा.

---

पाऊलवाट

जपानमधलं एक उदाहरण आठवलं म्हणून टाकते. मिनामिसोमा नावाचं सत्तर हजारांच्या आसपास वस्तीचं शहर, फुकुशिमाच्या अणुभट्टीपासून पंचवीसेक किलोमीटरवर. महापौर कात्सुनोबु साकुराई, मूळचे दुधाचा धंदा करणारे शेतकरी, जानेवारी २०१० मध्ये निवडून आलेले. ११ मार्च २०११ ला भूकंप, त्सुनामी आणि मग भट्टीचा स्फोट. सरकारने २० किलोमीटरच्या आतल्यांना बाहेर काढलं आणि २० ते ३० किलोमीटरवाल्यांना सांगितलं, घरातच बसा. घरात बसायचं, खरं खायचं काय? किरणोत्साराच्या भीतीने ट्रकवाले शहरात येईनात, बातमीदारही निघून गेले.

साकुराईंनी महिनाअखेरीस कचेरीत बसून एक व्हिडिओ केला. अकरा मिनिटांच्या आसपास. भोंगा नाही, टी-शर्ट नाही, खाली इंग्रजी अक्षरं. आमच्यापर्यंत माहिती पोचत नाही, माल पोचत नाही, मदत करा. तो जगभर फिरला आणि मदत यायला लागली. टाइम मासिकाने २०११ च्या शंभर प्रभावी माणसांत त्यांना घेतलं. क्रूझबाईंनाही त्याच यादीत घेतलं, २०१८ मध्ये. साकुराई २०१४ ला पुन्हा निवडून आले आणि २०१८ ला दोनशेच्या आसपास मतांनी पडले.

त्यामुळे 'घरच्यांनी खाली ठेवलं' हे एकट्या क्रूझबाईंचं नाही. पूर, वादळ, भट्टी यांच्यासाठी लोक एकाला पाठवतात, आणि घर बांधून झाल्यावर रस्ते-गटारीसाठी दुसऱ्याला. मला तरी यात कृतघ्नपणा दिसत नाही.

---

बोस्टनकर_टिळकवाडी

पाऊलवाट, सहमत. क्रूझबाईंच्या पराभवाला आणखीही कारणं होती. त्या पक्षाच्या डाव्या टोकाला, बर्नी सँडर्स यांच्या २०२० च्या प्रचाराच्या सहअध्यक्ष. पक्षातले जुने लोक बेटाची आहे ती घडी सांभाळणारे, आणि बाई वॉशिंग्टनशी नातं मुळातून बदला म्हणणाऱ्या. त्यात ती निवडणूकही अशी की ९ ऑगस्टला मतपत्रिकाच केंद्रांवर पोचल्या नाहीत, उरलेलं मतदान पुढच्या आठवड्यात घ्यावं लागलं. जिंकले चार्ली देलगादो, आणि नोव्हेंबरमध्ये तेही पडले. बाई पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होल्योक कॉलेजात शिकवायला गेल्या.

---

खडेबाजार_कोपरा

म्हणजे शेवटी मुख्य भूमीवरच. असो, टोमणा नाही. भाषा आली की दारं उघडतात. इंग्रजीत बोलल्या म्हणून ऐकलं गेलं हे धागाकर्त्यानेच लिहिलंय. आपल्याकडचा माणूस बंगळुराला ऐकवायचं तर कन्नडमध्ये बोलणार, मुंबईला ऐकवायचं तर मराठीत. दोन्हीकडून ऐकतं कोण? २०१९ ला अर्धा ऑगस्ट उलटून गेला तरी येडियुरप्पांचं मंत्रिमंडळच नव्हतं, एकटे मुख्यमंत्री. २० ऑगस्टला बाकीचे मंत्री आले. पूर आला, मंत्री नाही, महापौर नाही, पालकमंत्री नाही. आणि पलीकडे कोल्हापूर-सांगली बुडालेली, त्यांना त्यांचंच पुरे होतं.

---

मार्कंडेयकाठ

हे मंत्रिमंडळाचं डोक्यातून गेलेलंच, बरं काढलंत.

भाषेवर मात्र मी वेगळं म्हणेन. चिकोडी-निपाणीकडे प्रश्न भाषेच्याही आधी पाण्याचा आहे. कोयनेतून सोडलं की कृष्णा फुगून कल्लोळ-यडूर बुडतं असं अलीकडचे म्हणतात. अलमट्टीत अडवलं की सांगली बुडते असं पलीकडचे म्हणतात. दोन्ही राज्यं आपापले आकडे घेऊन भांडतात आणि मधल्या गावांचा आकडा कुणाच्याच वहीत नाही. तिथे मराठी की कन्नड यापेक्षा, कुठलं धरण किती सोडतंय हे आदल्या रात्री कळणं महत्त्वाचं. एखाद्या महापौराने, आमदाराने, अगदी ग्रामपंचायत अध्यक्षाने त्या एका गोष्टीवर दोन्ही राजधान्यांना धारेवर धरलं तर मी त्याला क्रूझबाईंच्या पंगतीला बसवीन. टी-शर्ट घालो नाहीतर न घालो.

---

काळाकोट

भाषेवर खडेबाजारांना एक तांत्रिक उत्तर. घटनेचं कलम ३५०: गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याकडे देता येतो. मराठीत अर्ज दिला म्हणून परत करता येत नाही. परत करतात, ते वेगळं. करतील तेव्हा कलमाचा आकडा अर्जाच्या माथ्यावर लिहून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागायचा. शिक्का देत नसतील तर नोंदणी करून स्पीड पोस्ट.

---

शहापूर_शिवार

वकीलसाहेब, मग भाताचं सांगा. पीक किती गेलं की धरतात?

---

काळाकोट

आपत्ती निधीच्या निकषात ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान. २०१५ च्या आधी ५० टक्के होतं. मदत दोन हेक्टरपर्यंत. पाणी शिवारात असतानाच फोटो काढा, मागे ओळखीचं काहीतरी दिसू दे, विजेचा खांब, देऊळ, पूल, काहीही. उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर अर्जात घाला. महसूल आणि कृषी खात्याची पाहणी एकत्र होते, त्या दिवशी बांधावर हजर राहा, आणि पाहणी झाल्यावर काय लिहिलं ते वाचून मगच सही करा. टक्का मोकळा सोडलेला असेल तर सही करू नका.

---

निपाणीकर_काकी

आणि भिंतीचं?

---

काळाकोट

काकी, भिंत पडली त्या दिवशीचा नवा फोटो, आधीच्या पंचनाम्याची प्रत, आणि फेरपाहणीचा अर्ज तहसीलदारांच्या नावे, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. गल्लीतल्या ज्या ज्या घराच्या भिंती नंतर बसल्या त्यांचे अर्ज एकाच दिवशी, एकत्र नेऊन द्या. एकटी बाई गेली की नशीब काढतात. वीस अर्ज एकदम टेबलावर आले की रजिस्टर काढावं लागतं.